उंबरठ्याची गुणगुण

पहिल्या दिवशी मी सगळी बटणं शेवटपर्यंत पिळली.
एवढे डॉलर मोजले होते, वसूल तर करायलाच हवे.
मेन्झीजच्या उत्तरेला, मल्गाच्या खुरट्या झाडांत,
लाल जमीन कानात केकाटत होती
आणि प्रत्येक किंकाळीपाशी मी गुडघे टेकून खणत होते.
दुपारपर्यंत सतरा खड्डे.
क्लाइव्ह ट्रेगेन्झा गाडीच्या सावलीत बसून
डब्यातले पीच खात होता. म्हणाला,
"कॉरिन, तुझ्या खाणीतल्या बुटांना पुढून पोलाद आहे.
सकाळपासून तू स्वतःच्याच पायांमागे खणतेयस."

दुसऱ्या दिवशी कापडी बूट. फोन गाडीत.
बक्कलाचा पट्टा काढून कमरेला सुतळी.
"आता जमिनीशी ओळख करून घे.
कॉइल खाली ने, वर ने. हातपंप मारतात तशी.
इथल्या दगडांत लोखंड आहे, ते बडबडणारच.
त्यांची बडबड यंत्राला आधी पाठ होऊ दे,
मग ते तिच्याकडे कानाडोळा करेल."

मी खाली-वर, खाली-वर.
कल्लोळ विरला. मागे उरली एक गुणगुण,
भिंतीपलीकडच्या डासाएवढी.
तिला उंबरठा म्हणतात.
"बरेच जण ती बंद करून टाकतात, शांत वाटतं म्हणून.
पण बारीक सोनं हाक मारत नाही.
नुसता उंबरठ्यावर पाय टेकतं आणि माघारी फिरतं.
उंबरठाच काढलास, तर येऊन गेलं हे कळणार कसं?"

आणि ताकद बारावरून सातवर.
हे मला पटेना. अर्ध्या जोराचं यंत्र
दिवसभर खांद्यावर कशाला वाहायचं?
तो डब्यातला पाक प्यायला, मग म्हणाला,
"आरडाओरडा करून विचारलंस
तर जमीनही आरडाओरडा करून थापा मारते."

जुलै गेला. पहाटे पाण्याच्या कॅनवर बर्फाची साय.
मी कॉइल जमिनीलगत ठेवायला शिकले,
फेऱ्याच्या टोकाला ती उचलायची नाही हे शिकले,
मुंगीला मागे टाकायचं नाही इतकं हळू चालायला शिकले.
सापडलं ते असं: बुटांचे खिळे, शिशाचे छर्रे,
मटणाच्या डब्याची गंजलेली किल्ली,
आणि एक चमचा, ज्याची कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी
नक्की शोधाशोध केली असेल.

मग एका कोरड्या ओहोळाच्या काठी
गुणगुण किंचित वाकली.
पायानं वरची माती सारली. पुन्हा वाकली.
आडवी फिरवली, उभी फिरवली, तरी तिथेच.
मी धावत जाऊन क्लाइव्हला आणलं,
हेडफोन त्याच्या कानांवर बसवले.
त्यानं डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं.
"वा," म्हणाला. "सुरेख आहे."

मी अजून कॉइल फिरवलीच नव्हती.

एकतीस वर्षं जमिनीखाली, खडक फोडणाऱ्या ड्रिलच्या मागे.
कानाला बोळे लावायची पद्धत नंतर आली.
आता सावलीतली ती बैठक, ते पीच,
माझ्या यंत्राला एकदाही न लागलेला त्याचा हात,
सगळं माझ्यासमोर खड्ड्यासारखं उघडं पडलं.

मी काही बोलले नाही.
एक बटण त्यानं मला कधी शिकवलं नव्हतं: सुराचं.
ते मी उलटं फिरवत गेले.
डासाचा भुंगा झाला, भुंग्याचा फ्रिज,
फ्रिजचा दूर कुठेतरी चालू ठेवलेला ट्रक.
कॉइल सावकाश एका कडेनं आणली.

"थांब," क्लाइव्ह म्हणाला. "मागे घे.
नाही, एवढं नाही. हां. तिथे."
आणि त्यानं बोट ठेवलं
बरोबर तिथे.

शिसं निघालं. चपटी झालेली बंदुकीची गोळी.
तो ती शर्टाच्या टोकानं पुसत बसला,
चष्मा पुसावा तशी, गरजेपेक्षा जास्त वेळ.

एवढ्या खालच्या सुरात मला नीटसं ऐकू येत नाही.
काही बारीकसारीक निसटतही असेल.
रविवारी आम्ही एकच यंत्र नेतो, हेडफोन त्याच्याकडे,
आणि मी, कुदळ घेऊन, त्याच्या चेहऱ्याकडे बघत असते.